मेलबर्नच्या खोक्यातली ओटी

आमच्या कारखान्याच्या फाटकातून परदेशी जाणारा कंटेनर बाहेर पडला, की आप्पा त्याच्यामागून चालत हमरस्त्यापर्यंत जायचे. आधी चाकांवर पाणी, मग नारळ, मग ड्रायव्हरच्या हातात भाकरीचं गाठोडं. ड्रायव्हर बिचारा पहिल्या गिअरमध्ये रखडत राहायचा, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या आणि आप्पा वळून त्यांनाच दटावायचे, "लेक चाललीया सासरला. वाईच दम धरा की."

लेक म्हणजे कोल्हापुरी चपलांची खोकी.

आप्पांचं पूर्ण नाव बाळगोंडा पाटील. गाव नृसिंहवाडीच्या पलीकडे, कर्नाटकाच्या अंगाला, त्यामुळे कारखान्यातल्या यच्चयावत बायका त्यांच्या अक्का. मी निर्यातीची कागदपत्रं करते. त्यांच्यापेक्षा चांगली वीस वर्षांनी लहान, तरी मीही अक्काच. आप्पांकडे माल पाठवायचं वेळापत्रक. कुठली ऑर्डर कधी शिवून व्हायला हवी, कुठल्या जहाजावर चढायला हवी, गिऱ्हाइकाच्या दारात कधी उतरायला हवी, हे सगळं ते ठरवायचे. जगाचा नकाशा त्यांना पाठ होता, पण तो एसटीचा. सिंगापूरला माल एका जहाजातून दुसऱ्या जहाजात जातो. "सिंगापूर म्हंजे आपलं कराड," ते सांगायचे. "हितं गाडी बदलायची. कंडक्टर झोपला, की माल ऱ्हायला स्टँडावर." ऑर्डर लहान असली आणि दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये कोंबून पाठवायची असली, की ती 'वडाप', म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. मालकांनी एकदा विमानाने माल पाठवायचा विषय काढला, तर म्हणाले, "चप्पल पायात घालायची असती मालक, डोस्क्यावरनं कशाला फिरवायची?"

उशीर मात्र त्यांना खपत नसे. "माल कसला बी असू दे, येळंला पोचला पायजे. येळ चुकली, की पेढा बी शिळा." हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यांनी तोंड उघडलं तरी आम्ही ते पुरं करायचो.

म्हणून तर तीनेक वर्षांपूर्वीची एक दुपार मला चमत्कारिक वाटली होती. आप्पा माल चढवायच्या कट्ट्यावर न जेवता एकटेच बसून होते. विचारलं तर म्हणाले, "कंटेनर यायचा हाय." त्या आठवड्यात कुठलाच कंटेनर यायचा नव्हता. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून मी चहा नेऊन ठेवला आणि विसरून गेले.

यंदा मेलबर्नची मोठी ऑर्डर आली. तिकडचा उन्हाळा डिसेंबरात. त्याआधी चपला दुकानात लागल्या तर पुढच्या सालचं काम पक्कं, नाहीतर गिऱ्हाईक गेलंच, असं मालकांनी सगळ्यांना बजावलं होतं. आप्पांनी गणपतीतसुद्धा रजा घेतली नाही. पावसाळी हवेने चामड्याला बुरशी धरू नये म्हणून प्रत्येक खोकं नाकाला लावून हुंगलं. कंटेनर ठरल्या दिवशी निघाला, आप्पा मागोमाग हमरस्त्यापर्यंत गेले, आणि आम्ही पेढे वाटले.

कंटेनर मेलबर्नच्या बंदरात अडकला.

तिथल्या तपासणी खात्याच्या मेलबरोबर फोटो होता. स्टीलच्या टेबलावर हिरवा खण पसरलेला. त्यावर तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी, आणि कडेला निळा हातमोजा घातलेलं एक बोट. त्या देशात बाहेरचं धान्य न सांगता नेलेलं चालत नाही. ही वस्तू काय आहे आणि चपलांमध्ये ती कशासाठी, असा खुलासा मागितला होता. ओटी म्हणजे काय ते इंग्रजीत लिहिताना माझा घाम निघाला. जे लिहिलं ते वाचून कुणालाही जादूटोण्याचाच संशय आला असता.

सगळा कंटेनर रिकामा करून तपासायचं ठरलं, आणि त्यात हंगाम गेला. गिऱ्हाइकाने पुढची ऑर्डर दुसरीकडे दिली. कुणी विचारायच्या आत आप्पाच मालकांपुढे उभे राहिले. "म्या ठेवली, मालक. शेवटच्या खोक्यात." मालक ओरडले नाहीत. उद्यापासून बाजारातल्या आपल्या दुकानात बसा, एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आप्पा टेबल आवरत होते. मी चिडूनच विचारलं, "बाकीच्या देशांचं नारळावर भागतं. मेलबर्नलाच ओटी कशाला, आप्पा? आणि ओटी बायका भरतात."

"तितं राजश्री असती," ते म्हणाले.

राजश्री ही त्यांची एकुलती एक मुलगी, आईविना वाढवलेली. तिने आपल्या मनाने लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर परदेशी गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं.

"जायच्या दिवशी फोन आलता तिचा. म्हटली, आप्पा, मावशी ओटी भरत्यात, तुमी नुसतं स्टँडावर येऊन हुबं ऱ्हावा. म्या म्हटलं, कंटेनर भराय लागलाय, सवड न्हाय."

मला तो रिकामा कट्टा आठवला, आणि गार झालेला चहा. कंटेनर नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. जगभर वेळेत माल पोचवणारा हा माणूस त्या दिवशी एसटी स्टँडापर्यंत पोचला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

"मग तिच्याच पत्त्यावर पाठवायची की ओटी," मी म्हटलं.

"पत्ता हाय की. पन तिनं परत धाडली तर?"

मेलमधल्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. जप्त केलेली वस्तू तिथेच नष्ट करायची, की आपल्या खर्चाने परत मागवायची? मी तो आप्पांना मराठीत वाचून दाखवला.

"परत नको, अक्का," ते घाईने म्हणाले. मग टेबल पुसत म्हणाले, "जाळू देत. तिच्या गावात तरी जळंल."

मी तसं कळवलं. आप्पांनी जेवणाचा डबा उचलला आणि ते फाटकाबाहेर पडले. मी खुर्ची मागे सारली आणि त्यांच्यामागून हमरस्त्यापर्यंत चालत गेले.