मिशी उतरली आणि गाल भरले

"साहेब, हवा सोडा की. अजून साबणसुद्धा लावला नाही."

न्हाव्याने असं म्हटलं, त्याला कारण होतं. खुर्चीतल्या साहेबांना सगळा बाजार मागून चिपाड म्हणायचा. गालांच्या जागी दोन खड्डे. दाढी करताना ते गाल फुगवायचे, दम संपला की सोडायचे, आणि मग न्हावी वस्तरा हळूच खड्ड्यात उतरवायचा. ते कसब गावात त्याच्या एकट्याच्याच हातात.

"हवा नाही रे," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "गाल आहेत."

न्हाव्याने चष्मा पुसला. खरंच गाल होते! गोल, गुटगुटीत, बाळसं धरल्यासारखे.

"ऑपरेशन केलं. पोटातली चरबी काढून इथं भरली."

"कुणाच्या पोटातली?"

"माझ्याच! दुसऱ्याची घालतात होय?"

"तुमच्या पोटात चरबी होती?"

"खुर्चीत बसून साठलेली. तिची फक्त बदली झाली."

"आई शप्पथ!" न्हावी देवदर्शन झाल्यासारखा खुर्चीभोवती एक फेरी मारून आला. त्याने बोट पुढे केलं.

"दाबू नकोस! अजून जपायला सांगितलंय. आणि कुठे बोलू नकोस. घरी सांगितलंय, ट्रेनिंगला गेलो होतो. पोरगी नाक नीट करून घेते म्हणाली, तर मीच तिचं डोकं खाल्लं, की आहे त्या चेहऱ्यात समाधान मानायचं. आता इथून थेट घरी जायचंय. कळलं, तर मायलेकी मला जगू देणार नाहीत."

"माझ्या तोंडाला कुलूप," म्हणत न्हाव्याने वस्तरा लावला.

डोळ्यांना गाल दिसत होते, पण हाताला कुणी सांगितलं नव्हतं. हात सवयीने खड्ड्यात उतरायला गेला. खड्डाच नाही! गाल दाबून धरायचीही सोय नाही. वस्तरा त्या उतारावरून घसरला तो थेट मिशीत. साहेबांची झाडूसारखी मिशी अर्धी टॉवेलवर पडली.

"साहेब, डोळे उघडू नका."

साहेबांनी उघडले. पुढचं संभाषण छापण्यासारखं नाही. शेवटी उरलेली अर्धीही उतरवावी लागली, आणि साहेब तोंडाला रुमाल लावून घरी गेले.

संध्याकाळी दुकानाच्या दारात साहेबांची बायको उभी. सोबत तिचा भाऊ, साहेबांपेक्षा वाळलेला, भरघोस मिशीवाला. मागे साहेब, हात जोडून.

संपलं, न्हाव्याला वाटलं. "वहिनी, माफ करा, हात घसरला..."

"माफ कसलं? जादू आहे हो तुमच्या हातात! त्या मेल्या मिशीखाली एवढे गाल दडले होते, आणि लग्नापासून मला पत्ता नाही! आता याची उतरवा."

"ताई, राहू दे ना," भाऊ कळवळला.

"गप बस. याला मुलगी दाखवायचीय."

न्हाव्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब छताकडे पाहत होते. खरं सांगावं तर साहेब गेले, न सांगावं तर या गरिबाची मिशी गेली. न्हाव्याने मनातल्या मनात मिशीची क्षमा मागितली आणि वस्तरा फिरवला.

भाऊ आरशात पाहत राहिला. खड्डे जिथल्या तिथे. मग त्याने गालावरून अलगद हात फिरवला.

"ताई... भरल्यासारखे वाटतायत गं."

"मी काय म्हणत होते!"

न्हाव्याने वाकून पाहिलं. परत पाहिलं. देवाशप्पथ, थोडेसे भरलेच होते! वस्तरा खाली ठेवून तो आरशासमोर गेला, आणि त्याने स्वतःच्या मिशीचं एक टोक हळूच बोटाखाली झाकून पाहिलं.