बल्गेरियाचं विरजण

मला राग येतो. (घरच्यांचं म्हणणं, येत नाही, तो जातच नाही.) पण त्या दिवशीचा राग अगदी रास्त होता. उत्तरेतल्या आमच्या मराठी दरबारच्या हिशेब कचेरीत जाताना टोपी बाजारात उभ्या उभ्या बेडई, म्हणजे डाळ भरून तळलेली पुरी, आणि कचोरी हाणायची आणि दुपारी पोट धरून खुर्चीत कण्हायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. शेवटी बाड्यावरच्या, म्हणजे भर चौकातल्या, डॉक्टर भालचंद्रांकडे गेलो, तर हा गृहस्थ म्हणतो कसा,

"गोपाळराव, तुमच्या आतड्यांत कोट्यवधी जंतू आहेत."

"माझ्या? अहो, मी दोन्ही वेळा आंघोळ करतो!"

"सगळ्यांच्याच असतात. काही भले, काही बुरे. तळलेलं खाऊन तुम्ही बुऱ्यांना पोसताय. बेडई बंद. भाकरी, मूग, पालेभाजी, ताक. भले जंतू त्यावर जगतात."

म्हणजे खायचं मी आणि आवडनिवड बघायची जंतूंची! तळपायाची आग मस्तकात गेली. जोडे घालून तडक घरी आलो.

तेवढ्यात इंग्रजी पेपरात जाहिरात वाचली. बल्गेरियातली माणसं म्हणे आंबट दही खाऊन शंभरी गाठतात आणि त्या दह्यातले भले जंतू आता गोळ्यांत मिळतात. हे झकास! बेडई मी खाईन, आतली मारामारी ते करतील. लगेच मुंबईहून बाटली मागवली.

आमच्या कुटुंबानं, म्हणजे वनमालेनं, ती बाटली पाहिली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच मला अडवलं.

"हे काय?"

"जंतू. दह्यात घालायचे."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? सोवळ्याच्या दह्यात किडे? आपल्या मधूची मुंज तोंडावर आलीय. गल्लीत कुणी ऐकलं तर आपल्याकडे पाणी पिणार नाही कुणी!"

किडे! विज्ञानाला किडे! दुसऱ्या दिवशी ती हळदीकुंकवाला गेली, तशी मी सगळ्या गोळ्या खलात कुटल्या आणि तिच्या विरजणात घालून ढवळल्या. रागाच्या भरात एवढंच विसरलो, की आमच्या गल्लीत कुणाचं दही बिघडलं की वाटी आमच्याच दारात येते. शेजारच्या लीलाताई आमच्याकडून विरजण नेतात, त्यांच्याकडून शरयू नेते, तिच्याकडून पुढची. त्यात उन्हाळा. आठवडाभरात घरोघरी बल्गेरिया.

आणि दही काय लागलं म्हणता! सुरीनं कापावं असं. मुंज लावणारे माधवरावशास्त्री मुहूर्ताचं बोलायला आले, तर वाटीभर चाटून पुसून म्हणाले, "वनमालाबाईंचं सोवळं कडक, म्हणून हे असं दही. आमच्याकडेही आता हेच विरजण, हल्ली माझं पोट कसं फुलासारखं हलकं असतं!"

बाटली मी मागवली, खल मी घासला, आणि श्रेय सोवळ्याला? मी ओरडलो, "सोवळं कसलं, शास्त्रीबुवा! जंतू आहेत ते! बल्गेरियाचे! मी स्वतः कुटून घातलेत!"

शास्त्रीबुवा वाटी टाकून चूळ भरायला धावले.

संध्याकाळी सारी गल्ली दारात. "हद्द हो गई!" लीलाताई कडाडल्या, "आमच्या देवांना ह्याच दह्याचा नैवेद्य दाखवला हो!"

"मुंज मी लावणार नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "आधी प्रायश्चित्त. सगळ्या गल्लीनं पंचगव्य घ्यायचं."

"घ्या की!" मीही चवताळलो. "त्यात दही लागतं ना? आणा बरं गल्लीत शोधून एक वाटी, ज्यात माझे जंतू नाहीत! अब बोलो!"

अखेर पार किला गेटजवळ राहणाऱ्या, ओळखीच्या शांताताईंकडून दही आणवलं. (माझा मुद्दा बिनतोड होता. बिनतोड मुद्द्यानं शिक्षा वाढते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.)

वनमाला डोळे पुसत पुढे आली. "शास्त्रीबुवा, माझ्या मधूची मुंज अडवू नका. यांना काय ती शिक्षा द्या."

यांना म्हणे! शास्त्रीबुवांनी ती तत्काळ दिली. "मुंजीपर्यंत तळलेलं वर्ज्य. बाजारचं वर्ज्य. भाकरी, मूग, पालेभाजी, ताक."

अक्षर न् अक्षर त्या डॉक्टरचं! तोंडावर आलेली शिवी मी कशीबशी गिळली. बापाच्या बेडईपायी पोराची मुंज राहिली असती, तर त्याला तोंड कुठल्या तोंडानं दाखवलं असतं? मान्य केलं. टोपी बाजारातला हलवाई हाक मारायचा, "पंडितजी, गरमागरम है!" एकदा त्याच्यावर असा खेकसलो की झारा त्याच्या हातून कढईत पडला.

मुंज यथासांग लागली. पंगत बसली. व्रत संपलेलं, समोरून जिलबी येतेय, तोंडाला पाणी सुटलेलं. एवढ्यात शास्त्रीबुवा समोरच्या पानावरून म्हणाले, "गोपाळराव, चेहऱ्यावर काय तेज आलंय! पोटाची तक्रार?"

"नाही," मी दात-ओठ खात म्हणालो. खरंच नव्हती, काय करणार!

"पंचगव्याचा प्रताप! मग मोडता कशाला व्रत? चालू द्या जन्मभर."

"माझंही तेच मत," शेजारून डॉक्टर भालचंद्र म्हणाले. त्यांच्या तोंडात जिलबी होती.

वनमालेनं वाढप्याला हात केला. "त्यांना जिलबी नको हो. ताक वाढा."

भर पंगतीत! पान सोडून उठायचं, असं ठरवूनच टाकलं. तेवढ्यात द्रोणात ताक पडलं, म्हटलं एवढं पिऊन उठू. प्यालो. आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण द्रोण पुढे करून आणखी मागितलं.