अंदमानात दहा पायऱ्या

अण्णा नगरातल्या आमच्या इमारतीत रावकाका रोज सकाळी सहाला समुद्र मोजतात. तोही जिन्यावर.

हवामान खातं मच्छीमारांसाठी पत्रक काढतं, ते रावकाका मोबाइलवर वाचतात. मग लाटांची उंची मीटरमधून पायऱ्यांत करतात आणि तळमजल्यावरच्या फळ्यावर खडूने लिहितात. एक मीटर म्हणजे आमच्या जिन्याच्या पाच पायऱ्या. त्यांनी पट्टी लावून मोजल्या आहेत. "मीटर कोणास कळतो, अम्मा? पायरी सर्वांस कळते. पाय ठेवला की कळते."

अम्मा म्हणजे मी. ते सत्तरीचे आणि मी चोवीस वर्षांची, पण इकडे तमिळ मुलखात लहान मुलींनाही अम्मा म्हणतात, आणि काकांचं मराठी घराणं कित्येक पिढ्या तंजावरचं. त्यांची मराठी जुन्या अर्जातून उठून आल्यासारखी, आणि मधेच तमिळमध्ये शिरणारी. माझी गावची, हर्णैची मराठी ऐकून ते पहिल्या दिवशी म्हणाले, "सरी, सरी. बरें. कळतें. थोडी घाईची आहे."

काका अंबत्तूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. जहाजावर त्यांनी कधी पाय ठेवलेला नाही. बीचवरच्या पाळण्यात बसलं तरी त्यांना गरगरतं, हे त्यांनीच सांगितलं. तरी फळ्यावर बंगालचा उपसागर, अंदमान, मन्नारचं आखात, इतकंच काय मोझांबिकसुद्धा असतं. आणि कामाला निघालेल्या प्रत्येकाला ते दारात गाठतात.

"अंदमानांत दहा पायऱ्या. जपून."

मेट्रोने चार स्टेशनं जाणारा माणूसही मान हलवून "सरी सार" म्हणतो.

सोसायटीच्या सेक्रेटरींना फळा खुपतो. "राव सार, मोझांबिक राहू दे. पाण्याची लॉरी कधी येणार ते लिहा!"

"लॉरी माझ्या हातीं नाही."

"आणि मोझांबिक आहे?"

यावर काका नुसता खडू झटकतात.

मी इथे नोकरीला आले तेव्हा काकांनी माझी बॅग दुसऱ्या मजल्यापर्यंत उचलली आणि विचारलं, "वडील काय करितात?" आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. ऑफिसात हा प्रश्न आला की मी जरा अडखळते. काकांपुढे अडखळले नाही. म्हटलं, छोटी होडी आहे, मासे मारतात.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एक ओळ वाढली होती. बाकी सगळं तमिळमध्ये, आणि सर्वांत खाली, सवय नसलेल्या हाताने काढलेल्या देवनागरीत: हर्णै – ४.

तेव्हापासून मी बसला जाताना ती एक ओळ वाचते. बाबा सकाळी दर्यात गेले की दुपारपर्यंत फोन लागत नाही. चार किंवा पाच आकडा दिसला की माझा दिवस सरळ जातो. तीन महिन्यांत पाचच्या वर काही गेलं नव्हतं.

डिसेंबरात आमच्या जिन्याला फरशी बसवायला घेतली. आठवडाभर सगळे मागच्या जिन्याने ये-जा करू लागलो. काकांनी फळाही तिकडे नेला. पहिल्याच सकाळी मी वाचलं: हर्णै – ७.

बाबांना फोन लावला. ते किनाऱ्यावर होडी ढकलायच्या बेतात होते.

"बाबा, आज जाऊ नका! सात पायऱ्या आहेत!"

"कसल्या पायऱ्या गो? दर्या इथं ताटातल्या पेजेसारखा निवांत आहे."

"नका ना जाऊ."

"बरं. आमची शिकलेली बाय सांगते तर राहतो."

संध्याकाळी मी काकांना विचारलं, वादळ कुठून आलं? काका गोंधळले. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. मागच्या जिन्याच्या पायऱ्या बुटक्या. मीटरला पाच नाही, सात. त्यांनी नव्याने पट्टी लावून चोख हिशेब केला होता. फक्त कोणाला सांगायचं राहिलं. त्या दिवशी एका जिन्यापायी मोझांबिकपर्यंतचे सगळे समुद्र चढले होते, आणि मी माझ्या आकड्यापलीकडे पाहिलंच नव्हतं.

मला हसू आलं. काकांना नाही आलं.

सकाळी फळा कोरा होता. दुसऱ्या दिवशीही कोरा. सेक्रेटरींनी त्यावर पाण्याच्या लॉरीची वेळ लिहून टाकली. जिना पुरा झाला, फळा परत पुढे आला, तरी काका खाली उतरले नाहीत. मी त्यांचं दार वाजवलं.

"माझं माप चुकलें, अम्मा. तुझे वडील घरीं बसले. उद्या उलटं चुकलें तर?"

"बाबा त्या दिवशी खूप वर्षांनी आईबरोबर दुपारचं जेवले. ते खूश आहेत. तुम्ही लिहा."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी विचारलं, "मोझांबिक कोणासाठी होतं?"

"मुलासाठीं. जहाजावर होता. त्याची आई रोज विचारी, आज त्याजकडे लाट केवढी? मीटर सांगितला तर घाबरे. मग तिजला जिन्यावर नेऊन दाखवीत असें: पाहा, एवढीच." भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे न बघता ते पुढे म्हणाले, "सात वर्षं झालीं, त्यानें जहाज सोडलें. टोरांटोस ऑफिसांत आहे. रविवारीं फोन येतो. बरा आहे म्हणतो, ठेवतो. दर्यावर होता तोंवर रोज कळत होतें. जमिनीचें पत्रक कोण काढतो?"



दुसऱ्या दिवशी सहाला मी खडू घेऊन खाली गेले. लॉरीच्या वेळेखाली लिहिलं: हर्णै – ५. त्याखाली, मोबाइलवर पाहून: टोरांटो – बर्फ, १.

काका दुधाची पिशवी घेऊन आले. फळ्यापाशी थांबले. दोनदा वाचलं. मग नव्या फरशीच्या पहिल्या पायरीशी पाय नेला आणि पायरी घोट्याच्या कुठवर येते ते वाकून पाहिलं.

"एकच?"

"एकच."

"मग बुटांत शिरायचें नाहीं," ते म्हणाले.

पिशवी माझ्या हातात देऊन त्यांनी खडू घेतला आणि अंदमान लिहायला लागले. अर्ध्यातच थांबले.

"तिकडे आतां संध्याकाळ असेल, नाही?"

वार बुधवार होता. तरी त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि जिना चढत कानाला लावला. वरून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, सगळं तमिळमध्ये. शेवटचा एक शब्द तेवढा मराठीत होता.

"जपून."