हरवलेल्या पाण्याची टाकी

शहराच्या पूर्वेला एक कंपाउंडची भिंत आहे. भिंतीपलीकडे पाणी मंडळ, अलीकडे नगरपालिका. मंडळ पाणी विकतं आणि नगरपालिका ते घेते. दोन्ही संस्था सरकारी, दोन्ही जनतेच्या सेवेला वाहिलेल्या, आणि त्यामुळेच दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. म्हणून शहराच्या या भागापुरत्या एकाच पाइपावर दोन मीटर बसवले होते, भिंतीपलीकडे मंडळाचा आणि अलीकडे नगरपालिकेचा. मधलं अंतर पंधरा फूट. मंडळाचा मीटर महिन्याला एक हजार युनिट दाखवायचा, नगरपालिकेच्या वहीत आठशे साठ लागायचे. म्हणजे युनिटला हजार लिटर या हिशेबाने दर महिन्याला एकशे चाळीस युनिट पाणी पंधरा फुटांत बेपत्ता होत होतं. आठ वर्षं हे चाललं होतं. त्याने कोणाची झोप उडाली नव्हती, फक्त दोन्हीकडच्या फायलींचं अंग भरलं होतं.

नगरपालिकेच्या बाजूचा आकडा लिहायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्या मीटरवाचकांना ऑफिसात सगळे काका म्हणत. खांद्याला पिशवी, पिशवीत वही, फडकं आणि एक पाना. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. त्यांची बायको नगरपालिकेच्याच सूतिकागृहात आया होती. काकांची बायको म्हणजे खरं तर काकू व्हायला हवी, पण तिथे आलेल्या प्रत्येक बाळंतिणीने तिला मावशी म्हटलं आणि तेच नाव चिकटलं.

आता या पाण्याची गंमत अशी, की ते हरवलेलं नव्हतंच. नगरपालिकेचा मीटर नऊ वर्षांपूर्वी बंद पडला होता. काकांनी ते त्याच दिवशी लेखी कळवलं होतं. उत्तर आलं, ‘नवीन मीटर बसेपर्यंत नियमानुसार मागील सरासरी नोंदवावी.’ सरासरी आठशे साठ निघाली, काकांनी ती लिहिली. पुढच्या वर्षी वीस खाटांचं सूतिकागृह सुरू झालं आणि मंडळाने त्याच पाइपातून एकशे चाळीस युनिट वाढवून दिलं. मंडळाचा मीटर चालू होता, तो वाढला. बंद मीटर कुठून वाढणार? आणि नवीन मीटर काही बसला नाही. काका दर महिन्याला भिंतीपाशी जात, काच पुसत, वाकून बघत आणि आठशे साठ लिहीत. वाकायची काही गरज नव्हती, पण प्रवासभत्ता जागेवर जाऊन वाचण्यासाठी मिळत होता.

थोडक्यात, जे पाणी दोन खात्यांना सापडत नव्हतं, त्यात रोज सकाळी मावशी बाळांना अंघोळ घालत होत्या.

हे काकांनी पुन्हा का सांगितलं नाही, असं कोणीही विचारील. एकदा लेखी कळवलेली गोष्ट पुन्हा कळवणं म्हणजे वरिष्ठांनी ती वाचली नाही असं सुचवणं, आणि काका सभ्य माणूस होते.

मग एका वर्षी दोन्हीकडे नवे अधिकारी आले. नव्या माणसाला काम करण्याची हौस असते. दोघांनी एकमेकांना कडक पत्रं लिहिली आणि ‘जलमापन विवाद निवारण समिती’ स्थापन झाली. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त अधिकारी मिळाले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा एकही निर्णय चुकला नव्हता, कारण त्यांनी एकही घेतला नव्हता.

पहिल्या बैठकीला काका वही घेऊन कोपऱ्यात बसले होते. लांबलचक टेबलावर प्रत्येकापुढे विकतच्या पाण्याची सीलबंद बाटली होती. मंडळाचा एक तरुण अभियंता म्हणाला, “सर, पंधरा फूट तर आहेत. दोन मजूर लावू, खणून बघू. सकाळचं काम आहे.”

अध्यक्षांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. “खणणार कोण?”

“कोणीही.”

“जो खणेल, त्याने तो पाइप आपला आहे असं मान्य केल्यासारखं होईल. मग गळतीही त्याचीच. खणताय तुम्ही?”

अभियंत्याने बाटलीचं झाकण उघडलं आणि बैठक संपेपर्यंत तो पाणी पीत राहिला.

शेवटी अंतरिम आदेश निघाला. वादाचा निकाल लागेपर्यंत वादग्रस्त पाण्याचा लाभ कोणत्याही पक्षाला होता कामा नये, सबब दरमहा एकशे चाळीस युनिट पाणी समितीच्या ताब्यात, स्वतंत्र टाकीत, सीलबंद ठेवावे. नगरपालिकेचे मोठे साहेब म्हणाले, “पण ते पाणी आम्हाला मिळालंच नाही, हेच तर आमचं म्हणणं आहे. न मिळालेलं पाणी आम्ही जमा कुठून करायचं?”

“मिळालेल्यातून करा,” अध्यक्ष म्हणाले. “न मिळालेलं नंतर सापडलं की वळतं करून घेऊ.”

हे सगळ्यांना पटलं. टाकीला जागा हवी होती. मोकळी जागा नगरपालिकेच्या सूतिकागृहाच्या आवारात होती, आणि पाइपही तिथवर पोचलेला होता. महिन्याभरात टाकी उभी राहिली. वर झाकणाला लाखेचं सील, शिडीला दोन कुलपं, एक किल्ली मंडळाकडे, एक नगरपालिकेकडे. सूतिकागृहाला महिन्याला एकशे चाळीस युनिट लागायचं. तेवढंच टाकीत जाऊ लागलं. नळ कोरडे पडले, आणि कागदोपत्री कोणाचंही पाणी तोडलं गेलं नव्हतं.

मावशी मागच्या गल्लीतल्या नळावरून बादल्या आणू लागल्या. बाळंतिणींच्या आया, सासवा, नवरे रांगेत उभे राहिले. नेताना-आणताना त्या भरलेल्या टाकीला वळसा घालावा लागे. पंधरा दिवसांनी मावशींचा हात खांद्यातून वर उचलेना. त्या संध्याकाळी त्या घरी आल्या, चप्पल काढून तशाच दारात बसल्या.

“अहो, एक विचारू?”

“विचार ना.”

“ते पाणी खरंच हरवलंय का?”

काकांनी वही मिटली. नाही म्हणायला त्यांना इतका वेळ लागला, की मावशींना उत्तर कळलं.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं!”

“लेखी दिलंय गं मी. नऊ वर्षांपूर्वी.”

“आज एक पोर जन्मलं. पुसायला ओला बोळा मिळेना, डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या डब्यातलं प्यायचं पाणी दिलं. तुमचं लेखी काय घेऊन बसलात? पुसू त्या कागदाने त्याला?”

काकांना त्या रात्री अन्न गोड लागलं नाही. लाज वाटली, अगदी मनापासून लाज वाटली. सकाळी ते मोठ्या साहेबांपुढे उभे राहिले.

“साहेब, मीटर बंद आहे.”

“कधीपासून?”

“नऊ वर्षं झाली. लेखी कळवलंय.”

“मग ते कार्यवाहीत असेल.” साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. “काका, एक समजून घ्या. मीटर बंद होता असं निघालं, तर नऊ वर्षांचं तुमचं वाचन खोटं ठरतं. जागेवर जाऊन मीटर वाचला, अशी दर महिन्याला तुमची सही आहे. पेन्शनला चौदा महिने राहिलेत ना? विचार करा.”

काकांनी विचार केला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा उलटा परिणाम झाला. पुढच्या बैठकीत ते कोपऱ्यातून उठले. त्यांनी सगळं सांगितलं. बंद मीटर, सरासरी, सूतिकागृह, वाढीव पाणी. “पाणी हरवलेलं नाही, साहेब. माझा आकडा खोटा आहे. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण तो नळ सोडा.”

मग अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, “टाकीत किती पाणी आहे?”

“दोन महिन्यांचं. दोनशे ऐंशी युनिट,” कारकुनाने वाचून दाखवलं.

“पंचनामा झालाय?”

“झालाय. दोन्ही पक्षांच्या सह्या आहेत.”

“मग काका,” अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, “पाणी हरवलंच नाही म्हणता, तर हे दोनशे ऐंशी युनिट कुठलं? हरवलेलं पाणी म्हणून दोन सरकारी संस्थांनी ते मोजून जमा केलंय. डोळ्यांनी दिसतंय. एवढा ढळढळीत पुरावा असताना तुम्ही पाणी हरवलं नाही म्हणता, म्हणजे मुद्देमालावरच संशय घेता.”

मंडळाच्या तरुण अभियंत्याने मान खाली घातली. नगरपालिकेला आपली मागणी टिकली म्हणून बरं वाटलं, मंडळाला आपली टिकली म्हणून. काकांना ताकीद मिळाली. त्याच पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात नऊ वर्षांच्या वाचनात एकदाही चढउतार न आल्याबद्दल त्यांची प्रशंसाही केली होती.

मावशींनी ते पत्र वाचलं, घडी केली आणि काकांच्या पिशवीतला पाना उचलला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, त्यांनी टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडला. सील वर होतं. तळाला कोणी सील लावलं नव्हतं, कारण पाणी चोरीला जाईल ते वरूनच, असं समितीने गृहीत धरलं होतं. तासभर सूतिकागृहात पाणीच पाणी झालं. फरशा धुतल्या, चादरी धुतल्या, अकरा बाळांना कोमट पाण्याने अंघोळ मिळाली. डॉक्टरीणबाई खिडकीत पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, म्हणजे त्यांना काही दिसलं नाही.

पातळी चार बोटं उतरली. चौकशी बसली. मावशी स्वतःहून हजर झाल्या.

“मी उघडला. हा पाना. लिहून घ्या.”

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. चोरी मानायची तर फौजदारी तक्रार करावी लागणार, तक्रारदार कोण हे ठरवायला पाणी कोणाचं हे ठरवावं लागणार, आणि ते ठरलं तर समितीचं कामच संपणार. “बाई, आपण या वादात पक्षकार नाही,” ते म्हणाले. “आपलं म्हणणं नोंदीत घेता येणार नाही.”

घट उष्णतेमुळे झाली, असं नोंदवलं गेलं. बाष्पीभवन. त्यावर उपाय म्हणून टाकीला छत, छताला पहारा, पहारेकऱ्याला प्यायला बाटल्या. तिसऱ्या महिन्याअखेर टाकी काठोकाठ भरली आणि दुसरीला जागा लागली. पाण्याअभावी सूतिकागृह तसंही चालत नव्हतं. ते बंद केलं, दोन खोल्या पाडल्या आणि तिथे दुसरी टाकी बांधली. बाळंतिणी आता दूरच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ लागल्या. दोघींची सुटका वाटेत गाडीतच झाली. त्यातल्या एकीचं बाळ वाचलं नाही. त्याची नोंद कुठल्या खात्याने करायची, यावर पत्रव्यवहार सुरू आहे. मावशींची बदली अभिलेख कक्षात झाली. तिथे त्या समितीच्या फायली झटकतात.

टाक्या, छत, पहारा आणि बैठकभत्ता यांचा खर्च भागवायचा कसा, हा प्रश्न समितीने फार सोपेपणाने सोडवला. शहरातल्या प्रत्येक पाणीबिलात ‘विवाद निवारण आकार’ नावाची एक ओळ आली. रक्कम अगदी किरकोळ, कपभर चहाच्या मोलाची. हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवसांची मुदत होती, ती बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापली होती.

मावशींनी ती वाचली. अर्ज लिहून काकांपुढे ठेवला.

“नळ तुमच्या नावावर आहे. सही करा.”

काकांनी अर्ज दोनदा वाचला. शब्दन् शब्द खरा होता. “पेन्शनची फाइल वर गेलीय गं,” ते हळूच म्हणाले. “एकदा खाली येऊ दे. आणि आकार तरी केवढा? एवढ्याशा पैशांसाठी कशाला...”

मावशींनी अर्ज ओढून घेतला, खाली स्वतःची सही केली आणि स्वतः जाऊन दिला. आठवड्यात उत्तर आलं, ‘अर्जदाराच्या नावे नळजोडणी नसल्याने हरकत फेटाळण्यात येत आहे.’

शहरात साठ हजार नळजोडण्या आहेत. तीस दिवसांत दुसरी हरकत आली नाही. समितीने नागरिकांच्या एकमुखी सहकार्याबद्दल इतिवृत्तात आभार मानले. बिल काकांनी भरलं, तुम्ही भरलंत, मीही भरलं, आणि सगळ्यांनी मुदतीच्या आत भरलं. मुदतीत भरल्यास दोन टक्के सूट होती.