शंभर टक्के निकालाचा विषय

कोणता विषय सोपा आणि कोणता अवघड, हे ठरवायला तो विषय यावा लागत नाही, असं माझं ठाम मत होतं. मी कोरेगावच्या एका हायस्कुलात हेडक्लार्क आहे. आमच्या फाटकावर दरवर्षी 'दहावीचा निकाल शंभर टक्के' असा फ्लेक्स लागतो आणि त्यावरचा मजकूर माझा असतो. निकालातलं मला कळत नसेल, तर तालुक्यात कळणार कुणाला!

माझी भाची अपेक्षा माझ्याकडे राहून साताऱ्याला गणितात एम.एस्सी. करत होती. तिची आई, म्हणजे माझी बहीण राहीबाई, आणि दाजी माणदेशातले. वर्षातला बराच काळ मेंढरांमागं रानोमाळ. मलकापूरला सैन्यभरतीची अकॅडमी चालवणारे निवृत्त सुभेदार उदयसिंह यांनी अपेक्षाला गणित शिकवायची जागा कबूल केली होती, वर राहायला दोन खोल्या. अट एकच, जूनमध्ये सगळे विषय सुटलेले हवेत. खोल्या मिळाल्या की मेंढरं विकायची आणि आईवडिलांना तिथं आणायचं, असं तिनं ठरवलं होतं. दाजींच्या गुडघ्यांनी ते तिच्याआधीच ठरवलं होतं.

शेवटच्या सत्रात एक विषय मुलांनी निवडायचा होता. ग्राफ थिअरी किंवा फंक्शनल ॲनालिसिस. अपेक्षानं दोन्हींचे अभ्यासक्रम वाचले, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून पाहिल्या आणि ग्राफ थिअरीवर बोट ठेवलं. त्यात ठिपके आणि ते जोडणाऱ्या रेषा असतात, चित्र काढून विचार करता येतो, असं तिनं मला समजावलं. दुसऱ्या विषयात असंख्य मितींची अवकाशं होती, त्यांना आधीच्या सत्रातला टोपॉलॉजी हा विषय पक्का लागतो, आणि तिची टोपॉलॉजी काठावर सुटली होती.

मी फक्त गेल्या वर्षीचे निकाल विचारले. ग्राफ थिअरीत निम्मी पोरं नापास. फंक्शनल ॲनालिसिसचा निकाल शंभर टक्के!

खात्रीसाठी मी दोन्ही पुस्तकं मागवली. ग्राफ थिअरीचं उशीएवढं जाड. दुसरं पंचांगाएवढं. आणखी काय पाहिजे?

अपेक्षानं विचारलं, "मामा, तुमच्या शाळेत कच्च्या पोरांचं काय करता?"

"त्यांना बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावतो. ती आमच्या निकालात येतच नाहीत."

"मग?"

"मग काय? निकाल शंभर टक्के."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, पटलं.

तरी ती हटेना, तेव्हा मी बहिणीला फोन लावला. बहीण तेव्हा कुठल्याशा माळावर होती. तिला दोन्ही विषयांची नावंही नीट ऐकू आली नसावीत. पण मामाच्या घरात राहून मामाचा शब्द मोडायचा नाही, एवढं तिनं लेकीला बजावलं. विषय ठरला.

मग नवीच अडचण आली. विभागातले तासिका तत्त्वावरचे सर गेले होते आणि शिकवायला एकट्या संयोगिता मॅडम उरल्या होत्या. त्यामुळं जास्त मुलं ज्या विषयाला, तोच चालणार. आणि वर्गातल्या सगळ्यांचा कल ग्राफ थिअरीकडे होता.

मी कामाला लागलो. पालकांचे नंबर मिळवून एकेकाला फोन केले. साताऱ्यापासून पाटणपर्यंत कुणाच्या वडिलांना, कुणाच्या चुलत्यांना शंभर टक्के निकालाची गोष्ट सांगितली. हायस्कुलाचा हेडक्लार्क स्वतःच्या भाचीला हाच विषय देतोय म्हटल्यावर कुणी शंका काढली नाही. पाटणचे नाथाजी तेवढे कुरकुरले. पोरगा अमृत दुसरंच म्हणतोय, असं त्यांचं म्हणणं. पोराच्या आयुष्याशी खेळू नका, असं मीच त्यांना ऐकवलं.

आठवडाभरात वर्ग उलटला. ग्राफ थिअरी बंद पडली.

संयोगिता मॅडमनी मला बोलावून घेतलं. "गेल्या वर्षी या विषयाला मुलं दोनच होती. एक विद्यापीठात पहिली आली, दुसरा आता पुण्यात संशोधन करतो. बाकीच्यांनी टोपॉलॉजीला घाबरून ग्राफ थिअरी घेतली होती. म्हणून तिथं नापास जास्त."

दोघांत दोन पास. शंभर टक्के. गणित बरोबर होतं. मी विषय बदलता येईल का विचारलं. मुदत संपली होती.

पुढचे महिने अपेक्षा पंचांगाएवढं पुस्तक घेऊन बसायची आणि पान उलटायला तिला कधीकधी दोन दिवस लागायचे. ते पातळ का होतं, तेही मला तेव्हा कळलं. लिहिणाऱ्यानं अर्ध्या पायऱ्या 'हे उघडच आहे' म्हणून गाळल्या होत्या. सुभेदार मधूनमधून फोन करून खोल्यांना रंग कुठला द्यायचा, ते विचारायचे.

परीक्षेच्या दिवशी मी बाहेर झाडाखाली पालकांबरोबर बसलो होतो. पोरं वेळेच्या बरीच आधी बाहेर यायला लागली. एकेक जण आपल्या बापाशी हळू आवाजात बोलायचा आणि मग ते दोघं मिळून माझ्याकडे पाहायचे. शेवटी मी झाडाच्या मागं जाऊन बसलो.

निकालात एकच जण पास झाला. नाथाजींचा अमृत.

अपेक्षाला पुन्हा बसावं लागणार होतं. सुभेदारांनी मनापासून वाईट वाटल्याचं कळवलं. पण पोस्ट रिकामी ठेवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पास झालेला उमेदवार शोधला. त्या वर्गात शोधायला फार वेळ लागण्यासारखं नव्हतं. रंगवलेल्या खोल्यांत अमृत राहायला गेला.

बहिणीला मीच फोन केला. ती रागावली नाही. बरं, म्हणाली, आणि मेंढरं पुढं गेलीत म्हणून फोन ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

गेल्या रविवारी नाथाजी पेढे घेऊन घरी आले. अपेक्षानं चहा केला.

"आवं क्लार्कसाहेब, पोरगं सोपं घेऊन बसलं हुतं. तुमी ढकललंसा म्हणून तरलं," ते म्हणाले. माझ्या पाया पडायला लागले. मी पाय खुर्चीखाली घेतले.

मग त्यांनी धाकट्या लेकीचं काढलं. "आमची दीपमाला यंदा त्याच वर्गात गेली. तिनं कुठला इषय घ्यावा, ते तेवढं सांगा. तुमी म्हणाल त्यो."

मी तोंड उघडलं.

अपेक्षानं त्यात पेढा घातला.