नाळेपुरती जमीन

पहिल्या खड्ड्यात हातभर खाली पाणी लागलं.

"भरती आहे," फाइवा बायकोला म्हणाला. "ओहोटीला खणू."

ओहोटीला खणलं. पाणी होतंच, शिवाय आता त्यात एक खेकडाही होता.

लोसा आणि फाइवाच्या मुलीची नाळ पडून आठ दिवस झाले होते. नाळ पुरायची, वर नारळ लावायचा, आणि ते झाड उभं आहे तिथलं ते मूल. फुनाफुटीच्या चिंचोळ्या, सखल बेटावर प्रत्येकाला आपापलं झाड ठाऊक असतं. लोसाचं फेब्रुवारीत समुद्रात गेलं.

"खाऱ्या पाण्यात नारळ जळेल," तिचे बाबा म्हणाले. "तुझ्या आईच्या थडग्याशेजारी खणा. अंगणात तेवढंच जरा उंच आहे."

आईला जाऊन सात महिने झाले होते.

"तिथे नको, बाबा."

"अगं, आजीच्या कुशीत—"

"तिथे किती खाली पाणी लागतं, ते मला कळायला नकोय."

बाबांनी फावडं भिंतीला टेकवलं आणि कारण नसताना कोंबड्यांवर ओरडले.

शेजारच्या पेनीकाकीचं परस वीतभर उंच होतं. फाइवा डुकरांच्या खोपटामागून आत शिरला आणि अर्थातच सापडला.

"माझ्या जमिनीत नाळ? वीस वर्षांनी तुझी पोरगी येऊन म्हणेल, माझं झाड, माझी जमीन!"

"काकी, वीस वर्षांनी जमीन तरी असेल का?"

"नसली तरी ती माझीच!"

राहिला सरकारी भराव. खाडीतली वाळू उपसून केलेली, पुरुषभर उंच, कुणाच्याच कुळाची नसलेली जमीन. भोवती कुंपण, आत जायला बंदी. रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असताना दोघं मोपेडवरून निघाली. लोसाच्या एका हातात मुलगी, दुसऱ्या हातात कोंब फुटलेला नारळ, नाळ फाइवाच्या खिशात.

फाइवानं गुडघाभर खणलं. "कोरडं! लोसा, हात लावून बघ!" इतका खूश तो मुलगी झाली तेव्हाही झाला नव्हता. तेवढ्यात फावडं खणकन वाजलं. आत दुधाच्या भुकटीचा डबा होता. डब्यात कापूस, आणि कापसात कुणाच्या तरी मुलाची नाळ.

त्यानं डबा घाईनं परत पुरला आणि दोन पावलं सरकून खणलं. तिथे मुरंब्याची बरणी निघाली.

"ए, तिकडे नको!" पहारेकरी सेमू धावत येत ओरडला. फाइवानं फावडं पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला. "तिकडची जागा संपली! त्या खांबापलीकडे घ्या. आणि नारळ आत्ता लावू नका, मोजणीवाले साहेब परत गेले की लावा."

फाइवानं फावडं पाठीमागून पुढे आणलं.

"सेमूदादा, किती वर्षं टिकेल हे?" लोसानं विचारलं.

"साहेब म्हणतात, शंभर."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

सेमूनं वाकून लोसाच्या हातातल्या झोपलेल्या मुलीकडे पाहिलं.

"पोरीला पोहायला शिकव," तो म्हणाला. "माझ्या दोघींना येतं."