योहानमामांवरची बंदी

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या स्मरणिकेसाठी जुन्या माणसांवर लेख मागवले, तेव्हा मी सात जणांवर लिहिलं आणि योहानमामांना वगळलं. विसरलो नव्हतो. त्यांच्यावर लिहायचं तर स्वतःवरही लिहावं लागलं असतं. आता वय ऐंशीच्या पलीकडं गेलंय, म्हणून लिहितो.

मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन भूमला राहिले, पण आपल्या आत्म्याची खबर एसटीच्या थांब्यांतच सांगायचे. आमच्या उपासनेत उपदेशाआधी साक्ष द्यायची पद्धत आहे. बाकीच्यांची साक्ष ठरलेली: ताप उतरला, म्हैस सापडली, देवाची स्तुती असो. मामा उठायचे, पँट वर ओढायचे आणि सुरू व्हायचे, "स्वर्ग म्हंजी सोलापूर धरा. गेल्या रविवारी म्या बार्शीत हुतो. बुधवारी मेव्हण्याशी भांडलो, गाडी उलटी फिरली. सध्या भूमच्या स्टँडवर हाय." एवढं बोलून खाली बसायचे.

मागून कुणीतरी म्हणायचं, "मामा, सोलापूरला पोचलात तर येताना चादर आणा!"

"तिथनं परतीची गाडी न्हाय रं बाबा."

रस्त्यात भेटले की पहिला प्रश्न, "तोंड कुणीकडं हाय?" त्यांचं म्हणणं, गाडी बंद पडली तरी चालेल, पण तिचं तोंड तिकडंच पाहिजे. एकदा बाजारात भाजीवालीलाही विचारलं. ती म्हणाली, "भेंडीकडं हाय. घेता का?"

मला ते आवडत नसत. मी मंडळीचा सेक्रेटरी. माझी प्रार्थना ऐकून बायका डोळे पुसायच्या. पण थोरला मुलगा गेल्यापासून घरी एकट्यानं मी एकदाही गुडघे टेकले नव्हते. हे कुणाला ठाऊक नव्हतं. मामा मला "तोंड कुणीकडं हाय, सेक्रेटरी?" म्हणाले की मी घड्याळाकडं बघायचो.

एका रविवारी सोलापूरहून पाहुणे आले होते. साक्षीच्या वेळी मामा उठले. "आज थांबा सांगत न्हाय. महिना झाला, प्रार्थनेला बसतो, बोलतो, पर पल्याड कुणी हाय असं वाटत न्हाय. गाडी कुठं चाललीया, मलाच कळंना. माज्यासाठी कुणीतरी प्रार्थना करा."

त्या दिवशी कुणी हसलं नाही. पाहुणे मान खाली घालून बसले. मी घड्याळाकडं बघू लागलो. मामा जे बोलत होते ते शब्दन् शब्द माझं होतं, आणि ते चारचौघांत उभं राहून बोलत होते.

सोमवारी मी मंडळीच्या पंचांची बैठक बोलावली. उपासना चालवणारे पाळकसाहेब तरुण होते. म्हणाले, "त्यांनी प्रार्थनाच मागितली ना?" मी म्हणालो, "आज खपवून घेतलं तर उद्या सगळेच उठतील." पंच माझ्या शब्दाबाहेर नव्हते. मंडळीच्या वहीत माझ्याच अक्षरात ओळ आहे: विश्वासात मागे गेला. पश्चात्तापाचे लेखी देईपर्यंत प्रभुभोजनास बंदी.

बंदीचा निरोप घेऊन मीच मामांकडं गेलो.

"पश्चात्ताप कशाचा करू? खरं बोलल्याचा?"

"दोन ओळी लिहून द्या, मामा. विषय संपला."

"खोटं लिहून प्रभूची भाकर खाऊ व्हय?"

त्यांनी लिहून दिलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, येशूच्या स्मरणार्थ सगळ्यांना भाकर मिळायची. उपदेश संपला की मामा गुपचूप उठून बाहेर पायरीवर जाऊन बसायचे. आत गीत सुरू झालं की तिथून घसा फाडून गायचे, तेही एक ओळ मागं. पंच चिडले, "मुद्दाम करतंय म्हातारं." मामांना गप्प करायला मी बाहेर गेलो.

मामांनी हात जोडले. हळूच म्हणाले, "गाऊ द्या, सेक्रेटरी. मार्थाला वाटतं म्या आत हाय."

मार्थामामींची नजर गेलेली होती. त्या बायकांच्या बाजूला बसायच्या, पुरुषांच्या बाजूला कान लावून. घरी जाताना विचारायच्या, "भाकर घेतली न्हवं?" मामा म्हणायचे, "घेतली की." भाकरीसाठी जो माणूस दोन ओळी खोट्या लिहीना, तो दर महिन्याला बायकोशी एवढं एक खोटं बोलायचा.

मी आत येऊन जागेवर बसलो, आणि पाळकसाहेबांनी भाकर पुढं केली तेव्हा घेतली. माझ्या एका शब्दानं बंदी उठली असती. तीन वर्षं तो शब्द मी काढला नाही.

मग मार्थामामी गेल्या. माती देऊन चार दिवस झाले, तेव्हा मी मामांच्या घरी गेलो. त्यांनी सतरंजी टाकली, स्वतः कोरा चहा केला. मी बोलायला सुरुवात करणार, तोच ते म्हणाले,

"सेक्रेटरी, मंडळीत एवढ्या बाया, पर कुणी हिला कळू दिलं न्हाय. तुमीच सगळ्यांला बजावलं असणार. बिचारी सुखानं गेली. लई उपकार झाले तुमचे."

आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

बायका आपणहून गप्प राहिल्या होत्या. मी कुणाला काही बजावलं नव्हतं. ते माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी म्हणालो, "त्यात काय, मामा." चहा संपवला आणि उठलो. पावसाळ्याच्या आत मामाही गेले. वहीतली ओळ तशीच आहे.

मामी गेल्यावर मामांना भेटायला गेलो, त्या दिवशी घरून निघताना मी एक वाक्य पाठ करून घेतलं होतं: मामा, त्या रविवारी तुम्ही माझीच साक्ष दिली, म्हणून मी तुमची भाकर बंद केली, मला क्षमा करा.